पिवळीधमक स्पोर्ट्‌स कार सांभाळायची तर: पहिल्या वर्षात कामी येणाऱ्या गोष्टी

मार्च २०२२ मध्ये मी पुण्यात एक सेकंडहँड फोर्ड मस्टँग घेतली. २०१७ चं मॉडेल, ५ लिटरचं व्ही-८ इंजिन आणि रंग पिवळाधमक. घेण्याआधी मी इंजिन, गिअरबॉक्स, हॉर्सपॉवर सगळं वाचून काढलं होतं. पण पहिल्या वर्षात जिथे जिथे अडलो, त्यातलं निम्म्याहून जास्त इंजिनामुळे नव्हतं, रंगामुळे होतं. रंगामुळे कागद जास्त बारकाईने तपासावे लागतात. रंगामुळे साध्या खरचटण्याची दुरुस्ती महिनाभर लांबते. रंगामुळेच अख्खा रस्ता वळून बघतो, आणि तुम्ही रात्री किती वाजता घरी आलात हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक असतं. माझ्या मित्राकडे हीच गाडी राखाडी रंगात आहे. त्याला यातलं अर्धंही माहीत नाही.

तुम्ही लाल, केशरी, पोपटी, निळी अशी कुठलीही डोळ्यांत भरणारी गाडी घ्यायच्या विचारात असाल, तर हे आधी वाचा. मला हे कुणी सांगितलं असतं तर पैसे वाचले असते आणि मनस्तापही.

१. रंग तीन उजेडांत बघा

डीलरकडच्या पांढऱ्या दिव्यांखाली सगळेच रंग देखणे दिसतात. गाडी तीनदा बघा: भर दुपारी उघड्यावर, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात आणि बेसमेंटच्या ट्यूबलाइटखाली. दुपारच्या उन्हात दार आणि फेंडर (चाकावरचा पत्रा) यांच्या छटेतला फरक उघडा पडतो. तिरप्या उन्हात रंगाखाली भरलेली लांबी, म्हणजे पोचे बुजवायची पुट्टी, लाटेसारखी दिसते. ट्यूबलाइटखाली रबिंग-पॉलिशिंगचे गोल गोल चरे दिसतात.

मग विचारा, रंग कुठल्या जातीचा आहे. सॉलिड रंग म्हणजे रंगाचा थर आणि वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. मेटॅलिकमध्ये त्या रंगात बारीक चमकी असते. तिसरी जात ट्राय-कोट. खाली तळाचा रंग, त्यावर अर्धपारदर्शक रंगीत थर आणि सगळ्यांत वर क्लिअर. माझ्या गाडीचा रंग कंपनीच्या यादीत ‘ट्रिपल यलो’ म्हणून आहे, तो या जातीचा. उन्हात तो हापूसच्या फोडीसारखा आतून उजळतो, त्यासाठीच मी गाडी घेतली. पण ट्राय-कोटची दुरुस्ती सॉलिडपेक्षा महाग आणि अवघडही असते. का, ते सातव्या पायरीत सांगतो.

जुन्या गाड्यांत लाल आणि पिवळे रंग उन्हाने लवकर विटायचे. आताच्या क्लिअरमध्ये अतिनील किरणं अडवणारी द्रव्यं असतात, तरी वर्षानुवर्षं उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीचं छत आणि बॉनेट आधी निस्तेज होतात. म्हणून छताकडे बघायला विसरू नका. लोक दारं बघतात, छत कुणी बघत नाही.

२. गाडी बघायला जाताना काय न्यायचं

- रंगाची जाडी मोजायचं मीटर. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्हींवर चालणारं घ्या
- चांगला टॉर्च
- मोजायची टेप
- ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारं यंत्र, मोबाइलला जोडता येतं ते
- ज्याला ही गाडी घ्यायची नाही असा एक मित्र

मीटरबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण मी इथेच फसणार होतो. सेकंडहँड गाडी बघायला जाताना चुंबक न्यावा, लांबी भरलेली असेल तिथे तो चिकटत नाही, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. मी चुंबक लावला, बॉनेटला चिकटला नाही, आणि गाडी ठोकलेली आहे असं ठरवून मी निघालोच होतो. या मस्टँगचं बॉनेट आणि पुढचे फेंडर मुळातच अ‍ॅल्युमिनियमचे आहेत, त्यांना चुंबक चिकटणारच नाही! बऱ्याच स्पोर्ट्‌स कारमध्ये वजन कमी करायला असंच करतात. स्वस्तातली मीटरंसुद्धा फक्त लोखंडावर चालतात.

कंपनीच्या रंगाची जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरते, ट्राय-कोटची थोडी जास्त. एका दारावर १४०, शेजारच्या दारावर ३०० असं आलं तर ते दार पुन्हा रंगवलेलं आहे. आकडा आणखी कितीतरी वर गेला तर खाली लांबी आहे. रंगवलेलं असणं हा काही गुन्हा नाही. मालकाने ते आपणहून सांगितलं का, हे महत्त्वाचं.

मूळ रंग ओळखायला तीन जागा बघा: डिकीतल्या कार्पेटखाली, दाराच्या रबरी बीडिंगच्या आत आणि इंजिनाच्या खणात बॅटरीच्या मागे. बाहेर पिवळी आणि आत चंदेरी असेल तर ती गाडी जन्माने पिवळी नाही. दाराच्या खांबावरच्या पट्टीवर रंगाचा कोड असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. पुढे पेंटरला तोच लागणार आहे.

टायरवर चार आकडी शिक्का असतो. ‘३११७’ म्हणजे २०१७ चा एकतिसावा आठवडा. अशा गाड्या कमी फिरतात, त्यामुळे टायरचे खाचे नव्यासारखे दिसतात, पण आत रबर म्हातारं झालेलं असतं. माझ्या गाडीचे चारही टायर पहिलेच होते, पाच वर्षांचे. मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद, म्हणजे अदलाबदलही करता येत नाही. चार नवे टायर धरूनच भाव करा.

३. कागद: आधी आरसीवरचा रंग वाचा

आरसीवर रंगाचा रकाना असतो. तिथे ‘सिल्व्हर’ आणि समोर पिवळी गाडी असेल तर थांबा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या तपशिलात परस्पर बदल करता येत नाही. रंग बदलायचा तर आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नवा रंग चढवून घ्यावा लागतो. गाडीवर रंगीत फिल्म चिकटवली, म्हणजे व्हिनाइल रॅप केला, तरी रस्त्यावरच्या पोलिसाला दिसतो तो नवाच रंग, त्यामुळे तिथेही हीच काळजी घ्या. रंग जपायला लावतात त्या पारदर्शक फिल्मने, म्हणजे पीपीएफने (पेंट प्रोटेक्शन फिल्म), रंग बदलत नाही, त्याला हे लागू नाही. आणि कितीही आवडला तरी लष्कराचा ऑलिव्ह ग्रीन नको. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ नुसार तो रंग संरक्षण दलाच्या वाहनांसाठी राखीव आहे.

पैसे देण्याआधी हातात हवेत असे कागद:

- मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी
- गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, विकणाऱ्याच्या सहीने
- चासी नंबरची पेन्सिलने घेतलेली छाप
- कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरून कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५
- गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८, म्हणजे तिथली एनओसी
- दोन्ही किल्ल्या आणि सर्व्हिसची बिलं
- थकलेली ई-चलनं भरल्याची पावती
- तुमचं आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो

नाव बदलण्यासाठी घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. हे काम एजंटवर सोडून विसरू नका. रंगीबेरंगी गाड्या दिल्ली, पंजाब, केरळकडून बऱ्याच येतात आणि किंमत बघून भुरळ पडते. पण परराज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर नोंदणी इथे करावी लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. महाग गाडीला तो आकडा लाखांत जातो. आधी आरटीओत जाऊन तुमच्या गाडीचा नेमका कर काढून घ्या, मग ठरवा स्वस्त कुठली.

४. विमा

नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, माणसाचा असतो, गाडीचा नाही. आधीच्या मालकाचा ५० टक्के बोनस तुम्हाला मिळत नाही. तुमच्या जुन्या गाडीवरचा असेल तर तो मात्र इकडे आणता येतो. पॉलिसी नावावर करायला १४ दिवस असतात, त्या आत कंपनीला कळवा. झीरो डेप्रिसिएशन (बदललेल्या भागांची घसारा न कापता भरपाई) आणि पाणी शिरून इंजिन खराब झालं तर भरपाई देणारं कवच, ही दोन्ही मिळत असतील तर घ्या. झीरो डेप्रिसिएशन जुन्या गाड्यांना सहसा देत नाहीत, म्हणून गाडी घेण्याआधीच कोटेशन मागवा. पीपीएफ केली तर तिचं बिल देऊन ती पॉलिसीत धरता येते का, हे लेखी विचारा.

५. घरी आणण्याआधी वाट मोजा

माझ्या गाडीखाली सगळ्यांत खालच्या जागी टेप लावली तर पावणेचौदा सेंटिमीटर भरतात. साध्या हॅचबॅकला सहसा सोळा-सतरा असतात. तीन सेंटिमीटर म्हणजे काय, हे पुण्यात राहिल्यावर कळतं.

इंडियन रोड्‌स काँग्रेसच्या मानकात गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा असं आहे. असा स्पीडब्रेकर मस्टँग सरळ ओलांडते. पण गल्लीच्या तोंडाशी रहिवाशांनी रातोरात टाकलेला डांबराचा गठ्ठा अर्धा मीटरच रुंद आणि वीतभर उंच असतो. त्याला मानक माहीत नाही. म्हणून घर ते मुख्य रस्ता, घर ते ऑफिस या वाटेवरचे सगळे स्पीडब्रेकर पायी चालत बघा, मी टेप घेऊन बघितले. जो टोकदार आहे तो तिरका घ्यायचा: आधी एक पुढचं चाक, मग दुसरं, अगदी चालण्याच्या वेगाने. मागून हॉर्न वाजतील, वाजू देत.

सोसायटीचा रॅम्प त्याहून महत्त्वाचा. उतार जिथे सपाटीला मिळतो तिथे पुढचा बंपर टेकतो. आमच्याकडे तो टेकत होता. मी कमिटीला रीतसर पत्र दिलं आणि स्वतःच्या खर्चाने तिथे रबरी पट्ट्यांचा छोटा चढ करून घेतला. नंतर शेजारच्या आजोबांची व्हीलचेअरही तिथून नीट उतरू लागली, त्यामुळे तक्रार कुणाचीच आली नाही.

पार्किंगमध्ये दार किती उघडतं तेही बघा. दोन दारांच्या गाडीचं दार लांब असतं. शेजारी खांब असेल तर दाराच्या उंचीवर खांबाला फोम लावून टाका.

६. रंग जपणं

ही पायरी मोठी आहे, कारण रोजचं काम हेच आहे.

धुणं. सोसायटीत गाड्या पुसणारे दादा एका बादलीत आणि एका फडक्याने दहा गाड्या पुसतात. दहाव्या गाडीवर ते फडकं म्हणजे सँडपेपरच. मी दादांना महिन्याचे पैसे तेवढेच देतो, पण माझ्या गाडीची फक्त चाकं आणि काचा धुवायला सांगतो. बाकी गाडी रविवारी सकाळी मी धुतो. दोन बादल्या, एकीत शांपूचं पाणी, दुसरीत साधं. आधी भरपूर पाणी मारून धूळ सोडवायची, मग मायक्रोफायबरच्या हातमोज्याने वरून खाली. मोजा प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खंगाळायचा, मग शांपूत. कोरड्या गाडीवर कापड फिरवायचं नाही, कितीही घाई असली तरी.

किडे. हे माझ्यासारख्या पिवळ्या गाडीवाल्यांसाठी खास. आमचं गाव सासवडजवळ. पहिल्यांदा गाडी गावी नेली, कांद्याच्या शेताला लागून उभी केली आणि तासाभराने बघतो तर बॉनेटवर तीळ सांडावेत तसे बारीक किडे. काका म्हणाले, “अरे, आम्ही शेतात पिवळे चिकट सापळे लावतो ते कशाला? मावा आणि पांढरी माशी पिवळ्यावरच येते. तू तर अख्खा सापळाच आणलास.” तेव्हापासून गावी गाडी शेतापासून लांब, पत्र्याच्या शेडमध्ये उभी करतो. किडे चिकटले तर खरवडू नका. ओलं मायक्रोफायबर दहा मिनिटं वर पसरून ठेवा, मऊ झाले की पाण्याबरोबर निघतात. रस्त्यात धडकून मेलेल्या किड्यांचं मात्र त्याच दिवशी बघा, उन्हात त्यांचा डाग क्लिअरमध्ये उतरतो.

झाडं. सावली बघून आंब्याखाली उभी केली की मोहराच्या दिवसांत चिकटा पडतो. वड-पिंपळाखाली पाखरांची आणि वटवाघळांची विष्ठा. ही विष्ठा एका दुपारच्या उन्हातसुद्धा रंग खाते. गाडीत पाण्याची बाटली आणि दोन स्वच्छ कापडं कायम ठेवा.

हळद-कुंकू. दसऱ्याला गाडीची पूजा आमच्या घरी होतेच, आणि व्हायलाच हवी. पण बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढून ते रात्रभर तसंच राहिलं तर डाग बसतो. झेंडूचा हार बांधायची तार वाऱ्याने हलून बंपरवर बारीक चरे पाडते. आता आम्ही स्वस्तिक पुढच्या काचेवर काढतो, हार सुती दोऱ्यात ओवून घेतो आणि लिंबू चाकाखाली ठेवतो, बंपरला अडणार नाही अशा बेताने. आई आधी नाराज होती. मग तिनेच काचेवरचं स्वस्तिक जास्त ठसठशीत दिसतं असं ठरवलं.

पीपीएफ की सिरॅमिक? सिरॅमिक कोटिंगने पाणी आणि घाण लवकर घसरते, धुणं सोपं होतं. त्याने दगडाचा टवका थांबत नाही. पीपीएफ ही दीडशे-दोनशे मायक्रॉन जाडीची पारदर्शक फिल्म, ती बारीक दगड आणि खरचटणं स्वतःवर घेते. पैसे मर्यादित असतील तर पूर्ण गाडी न करता पुढचा बंपर, बॉनेट, पुढचे फेंडर, आरसे आणि मागच्या चाकांपुढचा भाग एवढ्यालाच पीपीएफ करा. ट्राय-कोटवाल्यांनी तर हा खर्च टाळूच नये. फिल्म लावणारा गाडीवरच ब्लेडने कापतो की मशीनवर आधी कापून आणतो, हे विचारून घ्या. गाडीवर ब्लेड फिरवणाऱ्याकडे देऊ नका.

७. घासलीच तर

ऑगस्ट २०२२. रॅम्पवरचा चढ व्हायच्या आधी माझा पुढचा बंपर डाव्या कोपऱ्यात घासला, तळहाताएवढा. शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपने चार दिवसांत करून देतो म्हटलं आणि करूनही दिला. भट्टीतून बाहेर काढताना सुरेख दिसत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात उभी केली तर बंपर लिंबाचा पिवळा आणि शेजारचा फेंडर आंब्याचा पिवळा. दोन फुटांवरून कुणालाही दिसेल असा फरक.

कारण असं: ट्राय-कोटमध्ये मधला थर अर्धपारदर्शक असतो. तो दोनदा मारला तर एक छटा, तीनदा मारला तर गडद. कोड बरोबर असला तरी पेंटरच्या हाताने छटा बदलते. माझ्याकडे मधला थर कमी बसला होता. पुन्हा करून घ्यायला भांडावं लागलं, पैसे पुन्हा गेले आणि एकूण पाच आठवडे गाडी घरी नव्हती.

दुसऱ्यांदा मी एका जुन्या पेंटर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी पत्र्याच्या चार छोट्या पट्ट्या घेतल्या. सगळ्यांवर तळाचा रंग, मग मधला थर पहिलीवर एकदा, दुसरीवर दोनदा, तिसरीवर तीनदा, चौथीवर चारदा, वर क्लिअर. सुकल्यावर चारही पट्ट्या घेऊन ते उन्हात आले आणि एकेक फेंडरला लावून, मान तिरकी करून बघत राहिले. “तिसरी,” म्हणाले. मग बंपर पूर्ण रंगवून फेंडरवर मधला थर विरत नेला, म्हणजे दोन्हींच्या मध्ये रेघ दिसू नये. आजही मला ती जागा शोधावी लागते.

म्हणून काम देण्याआधी चार प्रश्न विचारा. पट्टी मारून दाखवाल का? पट्टी उन्हात बघायला मिळेल का? शेजारच्या भागावर रंग विरवाल का? हे सगळं कोटेशनमध्ये लिहाल का? ‘डोळे झाकून विश्वास ठेवा’ असं उत्तर आलं तर गाडी परत घेऊन या. विम्यातून काम होणार असेल तर शेजारच्या भागावर रंग विरवण्याचा खर्च विमा कंपनीच्या सर्व्हेअरकडून आधीच मंजूर करून घ्या, नंतर तो धरत नाहीत.

८. लोक

यासाठी माझी अजिबात तयारी नव्हती. पेट्रोल पंपावर पाच मिनिटांचं काम पंधरा मिनिटांचं होतं. सिग्नलला मुलं काचेशी येतात. “काका, किती पळते?”, “किती अ‍ॅव्हरेज देते?”, “केवढ्याला पडली?” हे तीन प्रश्न ठरलेले. अ‍ॅव्हरेज मी खरं सांगतो: शहरात पाच ते सहा. किंमत सांगत नाही, “सेकंडहँड आहे” एवढंच म्हणतो आणि लोक समाधानाने मान हलवतात.

फोटो काढू द्या. मुलांना आत बसू द्या, फक्त इंजिन बंद आणि किल्ली खिशात. एकदा सासवडच्या एसटी स्टँडबाहेर सातवी-आठवीतला एक मुलगा हात मागे बांधून गाडीभोवती फिरत होता. हात लावला तर ओरडतील म्हणून. त्याला आत बसवलं तर त्याने स्टिअरिंगला हातच लावला नाही, नुसता बघत बसला आणि उतरताना चपला झटकून म्हणाला, “माती नाही ना लागली?” त्या दिवसापासून कुणी गाडीजवळ आलं की मी आधी काच खाली करतो.

काही गोष्टींना मात्र ठाम नकार द्यायचा. कुणी “एकदा रेस मारा ना” म्हणालं तरी उभ्या गाडीवर रेस मारायची नाही. हायवेवर बाइकवाले एका हाताने शूटिंग करत शेजारून येतात, कधी दोघे तिघे. अशा वेळी वेग वाढवू नका, ते पाठलाग करतील आणि पडतील. वेग कमी करा, डावीकडची लेन धरा, त्यांना पुढे जाऊ द्या. गरज पडली तर टोलनाक्यापाशी पाच मिनिटं थांबा.

शर्यत तर नकोच. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर सपाट भागात कारला १०० ची मर्यादा आहे, घाटात त्याहून कमी, समृद्धीवर १२०, आणि कॅमेरे आहेत. कॅमेऱ्यात राखाडी गाड्या पन्नास असतात, पिवळी एकच. वेगाची हौस असेल तर कोइंबतूरचा कारी ट्रॅक किंवा चेन्नईजवळचा ट्रॅक आहे. पुण्याहून दोन्ही हजार किलोमीटरच्या पलीकडे, पण ती हौस तिथेच फेडायची.

सायलेन्सर बदलू नका. कर्कश आवाजाच्या गाडीला १० हजार रुपयांपर्यंत दंड आणि लायसन्स निलंबित होऊ शकतं, आणि पोलीस आधी थांबवणार तुम्हालाच. कंपनीचा व्ही-८ तसाही थंड असताना मोठ्याने सुरू होतो. पहाटे निघायचं असेल तर मी आदल्या रात्रीच गाडी गेटजवळ तोंड बाहेर करून लावतो. सुरू केली की गरम व्हायला उभा राहत नाही, हळूच बाहेर पडतो. वर पहिल्या मजल्यावर सहा महिन्यांचं बाळ होतं तेव्हा लागलेली सवय.

ट्रॅफिक पोलिसाने थांबवलं तर बऱ्याचदा गाडी बघायलाच थांबवतात. तरी डिजिलॉकरमध्ये आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स सगळं तयार ठेवा. काचांना काळी फिल्म नको. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच ती बंद केली आहे.

९. पावसाळा आणि उभी गाडी

मागच्या चाकांवर ४०० च्या आसपास हॉर्सपॉवर आणि पहिल्या पावसाचा तेलकट रस्ता, हे अवघड काम आहे. मस्टँगमध्ये ओल्या रस्त्यासाठी वेगळा मोड आहे, जून ते सप्टेंबर मी तोच लावतो. तुमच्या गाडीत असेल तर पहिल्याच दिवशी शोधून ठेवा. वळणात अ‍ॅक्सिलरेटर पायाच्या अंगठ्याने दाबल्यासारखा, हळूच दाबा.

साचलेल्या पाण्यात गाडी घालू नका. पाणी बंपरच्या खालच्या कडेला लागत असेल तर परत फिरा. बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारू नका, टोइंग बोलवा. इंजिनात गेलेलं पाणी स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकवतं. बेसमेंटमध्ये पार्किंग असेल आणि धरणातून विसर्गाची बातमी आली, तर गाडी आधी वर काढा. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा लोकांना तेवढीही सवड मिळाली नव्हती.

गाडी पंधरा-पंधरा दिवस उभी राहत असेल तर बॅटरीला ट्रिकल चार्जर, म्हणजे हळूहळू चार्ज करत राहणारा चार्जर, लावा. उंदीर वायरी कुरतडतात, महिन्यातून दोनदा बॉनेट उघडून टॉर्चने बघा. कव्हर घालायचं तर गाडी स्वच्छ आणि पूर्ण कोरडी असतानाच, नाहीतर कव्हर आणि रंग यांच्यात धूळ दळली जाते. पावसाळ्यात मी कव्हर घालतच नाही, आत ओल धरते.

फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. सर्व्हिस मिळते, पण काही भाग बाहेरून यायला वेळ लागतो. फिल्टर, ब्रेक पॅड, वायपर या गोष्टींचा एक जोड घरात आणून ठेवा. बाहेरून आयात झालेली कुठलीही गाडी असेल, तरी हेच करा.

१०. घरची माणसं

मागच्या सीटवर दहा वर्षांची मुलं बसतात, मोठी माणसं नाही. हे घरी आधीच सांगून टाका.

आईच्या गुडघ्यांना खाली बसणं जमत नाही, त्यामुळे ती पहिले सहा महिने गाडीत बसलीच नव्हती. मग पद्धत सापडली. सीट पूर्ण मागे घ्यायची. सीटवर प्लॅस्टिकची जाड पिशवी अंथरायची. पाठ गाडीकडे करून आधी बसायचं, साडीच्या निऱ्या हातात धरायच्या, मग पिशवीवरून गर्रकन वळून दोन्ही पाय एकदम आत. बसल्यावर पिशवी काढून घ्यायची. उतरताना हेच उलटं. गाडी फुटपाथला अगदी चिकटवून नको, हातभर अंतर ठेवा, म्हणजे पाय सपाट जमिनीवर येतात.

आम्ही पहिल्यांदा तिला घेऊन गेलो ते जेजुरीला. सोमवती नव्हती, साधा मंगळवार, तरी गडाच्या पायथ्याशी गाडी दिसल्याबरोबर कुणीतरी “यळकोट यळकोट जय मल्हार” म्हणत बॉनेटवर मूठभर भंडारा उधळला आणि आई इतकी खूश झाली की मी काही बोललो नाही. तुमच्यावरही ही वेळ आली तर भंडारा हाताने किंवा कापडाने पुसू नका, घासला जातो. तसाच राहू द्या, घरी येताना हळू या म्हणजे काचेवर उडणार नाही. मग आधी नुसतं पाणी, वरून खाली, भरपूर. शांपू त्यानंतर. वायपरच्या खाली आणि बॉनेटच्या फटीत राहिलेला मऊ ब्रशने काढा. आमच्या गाडीच्या फटींत पुढचे दोन महिने तो सापडत होता.